काकांचा घोडा

आमच्या घरात घोड्यांचा विषय निघाला की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला स्वयंपाकघरात जातो. टीव्हीवर शर्यत लागली तर बातम्या लावतो. नातीने पोनीवर बसायचा हट्ट धरला तेव्हा मी तिला घाईघाईने पोहण्याच्या क्लासला घातलं. बायकोला मी फार पूर्वी सांगून ठेवलंय की मला घोड्यांची ॲलर्जी आहे. मी डॉक्टर, त्यामुळे तिने कधी शंका घेतली नाही. आता वयाची ऐंशी उलटली आहे आणि ॲलर्जीचं नाटक फार झालं. जे झालं ते लिहून टाकतो. हे बायको वाचेल. त्या दिवशी स्वयंपाक मलाच करावा लागेल असं दिसतंय.

बर्मिंगहॅमच्या जुन्या मराठी मंडळींत ‘काकांचा घोडा’ असं म्हणायची पद्धत आहे. सगळ्यांच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि खिडकीशी गेल्यावर पासपोर्ट घरी राहिला हे आठवायचं, म्हणजे काकांचा घोडा. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळालेले दोन्ही डाव्या पायाचे बूट, तेही काकांचा घोडा. इथे जन्मलेली मुलंसुद्धा हे म्हणतात. हे काका कोण, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही. ते माझे सासरे.

सासरे गुरांचे डॉक्टर होते. तालुक्याच्या गावी त्यांच्या अंगणात रोज सकाळी बैल, म्हशी आणि त्यांचे मालक उभे असायचे, आणि ते दात घासता घासता निदान सांगायचे. निवृत्त झाल्यावर, ऐंशीच्या दशकात, सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की इथे त्यांना कुणी काही विचारत नाही. मी सकाळी सर्जरीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, जायचो, बायको शाळेत शिकवायला. ते खिडकीत बसून रस्त्यावरची कुत्री बघायचे आणि संध्याकाळी मला त्यांच्या चालीचा अहवाल द्यायचे. शेजारच्या बाईंच्या मांजराला त्यांनी एकदा कुंपणावरून तपासायचा प्रयत्न केला. मांजर चार दिवस घरी आलं नाही.

आमच्या मंडळाची वर्षातून एक सहल असे. ती नेहमी वेम्बलीला जायची. देवळात दर्शन, मग ईलिंग रोडवर साड्या, कढीपत्ता आणि भांडणं. त्या वर्षी माझ्या मित्राने टूम काढली की आपण घोड्यांच्या शर्यतीला जाऊ. तो हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचा, आणि मंडळाच्या मीटिंगांमध्येही त्याच्या बोलण्याने लोकांना झोप येई. पण या वेळी सगळे ताठ उठून बसले. कुणीतरी म्हणालं, आपल्याला घोड्यातलं काय कळतं? मित्र म्हणाला, आपल्याकडे काका आहेत.

त्याने रीतसर घरी येऊन आमंत्रण दिलं. सगळ्यांनी मिळून एकाच घोड्यावर पैसे लावायचे आणि तो घोडा काकांनी निवडायचा, असं ठरलं. घोडा लागला तर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला काका प्रमुख पाहुणे, हेही त्याने उत्साहात जाहीर करून टाकलं. सहलीच्या दिवशी सासऱ्यांनी भल्या पहाटे उठून बूट पॉलिश केले, टाय बांधला, त्यावर माझा ओव्हरकोट आणि त्यावर स्वतःची कानटोपी चढवली. मिनीबसमध्ये ते माझ्या बायकोच्या शेजारी बसले होते. मी मागच्या सीटवर. ते तिला हळूच म्हणाले, “आज मला लोकांनी विचारलंय गं.”

हे मी ऐकलं होतं. म्हणून पुढचं जास्त लागतं.

शर्यत स्टीपलचेसची होती, म्हणजे घोड्यांनी पळायचं आणि मध्ये मध्ये माणसाच्या छातीएवढी कुंपणं उडी मारून ओलांडायची. शिवाय हँडिकॅपची. प्रत्येक घोड्याच्या पाठीवर किती वजन द्यायचं हे आधीच ठरवलेलं असतं. जॉकी हलका पडला तर खोगिराखाली शिसं घालून भर करतात. हे सगळं रेसकार्डवर छापलेलं होतं. आमच्या मंडळींनी ते कार्ड हातात घेतलं आणि वॉर्डात राउंड घ्यावा तसे घोड्यांवर तुटून पडले. एकाने प्रत्येक घोड्याचं वय बघितलं. हाडांच्या डॉक्टरांनी दोन घोडे गुडघ्यांवरून बाद केले. भूलवाल्या मित्राचं मत असं पडलं की करडा घोडा फार शांत आहे, त्याला कुणीतरी काहीतरी दिलंय. बायकांनी जॉकींच्या सदऱ्यांचे रंग बघितले आणि त्यातला एक काठ कुठल्या साडीला शोभेल यावर चर्चा केली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढच्या मागच्या इंग्रज मंडळींपर्यंत पोचली होती.

शर्यतीआधी घोडे एका गोल रिंगणात फिरवतात, लोकांनी बघावं म्हणून. सासरे थेट त्या रिंगणाच्या कुंपणापाशी गेले. घोड्याच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मला म्हणाले, “तोंड लग्नात बघायचं. जनावर मागून बघतात.” मग ते कुंपणावरून ओणवे झाले आणि जमिनीवर पडलेली लीद निरखू लागले. एक घोडा गेला की मान वळवून दुसऱ्याची. शेजारी मोठी हॅट घातलेली एक बाई उभी होती. तिने काळजीने विचारलं की तुमचं काही खाली पडलंय का. सासऱ्यांनी कानटोपी सरळ केली आणि त्यांच्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत सांगितलं की नाही मॅडम, माझं नाही, घोड्याचं.

मग त्यांनी मला बाजूला, चहाच्या गाडीमागे नेलं. जनावराच्या देखत त्याची स्तुती करायची नाही, ते चढून जातं आणि वर दृष्ट लागते, असा त्यांचा अनुभव होता. तिथे कुजबुजत म्हणाले, “तो जाडा तपकिरी घ्या डॉक्टर. लीद बघा कशी घट्ट आहे. मनात घाई नाही त्याच्या. दोरी सैल सोडलीय तरी रेषेत चालतोय.” एवढं सांगून ते शर्यत बघायला चांगली जागा धरायला गेले. पैसे माझ्याकडे जमा होते, खिडकीवर मीच जाणार होतो.

रांगेत उभं राहून मी कार्ड उघडलं. जाड्या तपकिरी घोड्याचा नंबर एक होता आणि त्याच्या पाठीवर सगळ्यात जास्त वजन. खाली, पाच नंबरला, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा एक देखणा घोडा होता, त्याच्यावर सगळ्यात कमी. त्या दोघांत जवळजवळ दहा-बारा किलोंचा फरक. आता मी माणूस असा, की उभा जन्म लोकांना वजन कमी करा सांगण्यात गेला. गुडघा दुखतो? वजन कमी करा. धाप लागते? वजन कमी करा. मला वाटलं, इतकं साधं गणित म्हाताऱ्यांना दिसू नये? लीद कसली बघताय? आणि खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो, की आठवडाभर मी काकांचा जावई म्हणूनच ओळखला जात होतो आणि ते मला थोडं खुपत होतं. पांढऱ्या पायाचा जिंकला असता तर परतीच्या बसमध्ये मी हसत हसत सांगणार होतो की निवड माझी होती.

मी पाच नंबर सांगितला. परत येऊन मंडळींना तिकीट दाखवलं आणि म्हणालो, काकांनी पांढऱ्या पायाचा सांगितलाय.

शर्यत सुरू झाली. दुसऱ्याच कुंपणाला आमच्या घोड्याने उडी मारायच्या आधी जरा थांबून विचार केला. जॉकीने विचार केला नाही, तो एकटाच पलीकडे गेला. मग घोड्यानेही उडी मारली आणि मोकळ्या पाठीने जो सुटला तो सगळ्यांना मागे टाकून थेट पुढे. माझा सिद्धांत अगदी खरा ठरत होता. वजन शून्य झालं होतं आणि घोडा उडत होता.

जॉकीचं आम्हाला नंतर कळलं. आम्ही लांब होतो, दुर्बीण एकच, आणि ती साड्यांच्या चर्चेत अडकलेली. आम्हाला फक्त पांढरे पाय दिसत होते. पांढरे पाय पहिले आले तेव्हा आमच्या मंडळाने जो गलका केला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. भूलवाल्या मित्राने एका अनोळखी इंग्रज गृहस्थाला उचललं. आणि गंमत म्हणजे पुढे कठड्याशी उभे असलेले सासरेही दोन्ही हात वर करून हसत होते, कारण पांढऱ्या पायांच्या मागोमाग, पाठीवर जॉकी नीट बसवून, आला होता तो जाडा तपकिरी. क्षणभर सगळे खूश होते, फक्त वेगवेगळ्या घोड्यांवर. सासरे आमच्याकडे वळले आणि प्रत्येकाशी हात मिळवत म्हणाले, “आला की नाही आपला?” माझ्या बायकोने त्यांना वाकून नमस्कार केला. मित्राने तर पाडव्याच्या भाषणाला विषय काय घेणार तेही विचारून टाकलं.

मग भोंग्यावरून निकाल सांगितला. विजेता, नंबर एक. जॉकीशिवाय आलेला घोडा शर्यतीत धरतच नाहीत.

मित्राने माझ्या हातातलं तिकीट घेतलं. म्हणाला, “पण काका, आपला तर पाच नंबर. पांढऱ्या पायाचा. तुम्हीच सांगितला ना?”

सासऱ्यांनी तिकिटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी थर्मासचं झाकण घट्ट बसवत होतो. ते आधीच घट्ट होतं. आमच्या लग्नात या माणसाने ताम्हनात माझे पाय धुतले होते. ज्याचे पाय धुतले त्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. जावई म्हणजे दहावा ग्रह. बाकीचे नऊ शांती केली की ऐकतात तरी.

“हो,” ते म्हणाले, “मीच सांगितला. जनावर आहे, चुकतं कधी कधी.”

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. बसमध्ये मित्राने पहिल्यांदा ‘काकांचा घोडा’ म्हटलं, कपात चहा भरला आणि साखरच विसरली यावरून. सासऱ्यांनीही मान डोलावून दाद दिली. मी तोंड लपवायला रेसकार्ड उघडलं, तर शेवटच्या पानावर नवख्यांसाठी समजावून लिहिलं होतं की जो घोडा सगळ्यात चांगला, त्याच्यावर सगळ्यात जास्त वजन देतात, म्हणजे बाकीच्यांनाही थोडी संधी राहते. मी ते कार्ड सीटखाली सरकवलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायको वरच्या मजल्यावर होती. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, “डॉक्टर, त्या पांढऱ्या पायाच्यात तुम्हाला काय दिसलं?” रागाने नाही. एका डॉक्टरने दुसऱ्याला केसबद्दल विचारावं तसं.

मी म्हणालो, “वजन कमी होतं.”

त्यांनी जरा विचार केला. “वजन काय, जॉकी पडला की सगळ्यांचंच कमी होतं,” ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. मला वाटतं, ते माझ्या पुढच्या वाक्यासाठी थांबले होते. मी कचऱ्याची पिशवी उचलली आणि बाहेर ठेवायला गेलो. कचऱ्याची गाडी यायला अजून तीन दिवस होते.

पाडव्याला प्रमुख पाहुणे म्हणून स्लाऊहून एक दातांचे डॉक्टर आले. त्यांनी हिरड्यांवर फार वेळ भाषण केलं. सासरे तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बायको त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, बाबा असे कसे चुकले गं बाई, त्यांचं तर कधी चुकत नाही. आणि मग स्वतःच म्हणाली, वय झालं. तेव्हा मला खोकला आला. ॲलर्जीचा जन्म त्याच संध्याकाळचा.

ते परत गेल्यावर मी पुष्कळदा ठरवलं. विमानतळावर त्यांची बॅग जास्त भरली म्हणून ती जमिनीवर उघडून आम्ही दोघं लोकरीचे मोजे काढत बसलो होतो. तेव्हा सांगणार होतो, पण मागच्या रांगेतले लोक घाई करू लागले. पुढे नव्वदच्या दशकात त्यांची तब्येत बिघडली तेव्हा मी एका रविवारी बायको देवळात गेलेली पाहून फोन लावला. त्या काळी आपलंच बोलणं थोड्या वेळाने आपल्याच कानात परत यायचं. मी म्हणालो, “बाबा, ती शर्यत आठवते?” आणि पलीकडून आधी माझाच आवाज आला, शर्यत आठवते. मग ते म्हणाले, “कोण, डॉक्टर का? तिकडे थंडी फार आहे का?” मी म्हणालो, आहे. पुढचं वाक्य मी तयार करून ठेवलं होतं. ते कागदावरही लिहायला नको इतकं छोटं होतं. त्यांनी मला कोट घालत जा म्हणून सांगितलं, फोन ठेवला, आणि त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

बाबा, त्या दिवशी जनावर चुकलं नव्हतं.