धोळीला बाधलेलं लिंबू

पाचोऱ्याच्या दलिचंद शेठच्या घरात मांजर होतं, याचं गावातल्या बाकीच्या जैन घरांना नवल वाटे. मांजर म्हणजे उंदरांचा जीव घेणारं जनावर. ते अशा घरात कसं? पण शेठच्या बायकोचं, सायरबाईंचं उत्तर तयार असे. "आमच्याकडे तिला इतकं दूध मिळतं, की उंदीर समोरून गेला तरी ती मान वळवत नाही."

आणि ते खरं होतं. दुकानामागच्या कोठारात उंदीर खुशाल हिंडत, आणि धोळी तुरीच्या पोत्यावर पाय ताणून झोपलेली असे. पांढरीशुभ्र म्हणून धोळी. मारवाडीत पांढऱ्याला धोळं म्हणतात. दिवस मावळायच्या आत तिला शेवटची वाटी मिळायची, कारण दिवस मावळल्यावर त्या घरात कोणीच काही खात नसे. मांजराला वेगळा नियम कशाला?

या घरात चौसष्ट साली कुसुमलता सून म्हणून आली. माहेर पालीकडचं, राजस्थानातलं. वय कोवळं, चेहरा हसरा; पण तो चेहरा पाचोऱ्यात फारसा कोणी पाहिलाच नव्हता. डोक्यावरून छातीपर्यंत ओढणीचा पदर, उंबऱ्याबाहेर पाऊल पडायचं ते सासूच्या मागोमाग, स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, किंवा कोणाच्या लग्नाला. नवरा निर्मलकुमार स्वभावाने चांगला होता, पण दिवसभर दुकानात. मराठी तिला समजू लागली होती, बोलताना मात्र जीभ अडखळायची आणि बायका हसतील म्हणून ती गप्प बसायची. दुपारी घर निजलं की ती धोळीला मांडीवर घ्यायची आणि माहेरच्या बोलीत तिच्याशी मनसोक्त गप्पा मारायची. धोळी ऐकून घ्यायची.

सहासष्टच्या पावसाळ्यात धोळीला पिसवा झाल्या. मागच्या पायाने मान खाजवून खाजवून तिने कानामागचे केस घालवले. बाजारात पिसवांची पावडर मिळायची, पण ती त्या घरात येणं शक्यच नव्हतं. पिसवा मेल्या तर पाप लागणार. त्या मरायला नको होत्या, नुसत्या जायला हव्या होत्या.

शेजारच्या वच्छलाबाईंच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि शेठच्या घरचं दूध त्याच घालायच्या. त्यांनी धोळीची दशा पाहिली आणि आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या, "लिंबूनी साल चोळी दे तिना आंगले. बठ्ठ्या पिसवा पळी जातीन. मारानं काम नही, काही नही."

कुसुमलताला हे फार आवडलं. जीव न घेता पिसवा घालवायचा उपाय!

योगही जुळून आला. दुसऱ्या दिवसापासून पर्युषण लागणार होतं. त्या दिवसांत घरात हिरवं, म्हणजे ताजी भाजी-फळं, खात नसत, म्हणून उरलेली सगळी लिंबं त्या दुपारी संपवायची होती. कुसुमलताने ती पिळली, रसात साखर घालून पाक करायला ठेवला, आणि समोर सालींचा ढीग उरला. सासरा आणि नवरा महाराजसाहेबांच्या, म्हणजे जैन साधूंच्या, दर्शनाला जळगावला गेले होते. सायरबाई सामायिकाला, म्हणजे नेमाच्या ध्यानाला, स्थानकात बसल्या होत्या. सासूबाई परत येतील तेव्हा त्यांची लाडकी मांजर खाजवायची थांबलेली असेल, या आनंदात तिने धोळीला धरलं आणि एकामागून एक साल उलटी करून तिच्या अंगावर पिळत, घासत सुटली. पाठ, पोट, मान, शेपटी. धोळीने नाक मुरडलं, कान पाडले, निसटायची खूप धडपड केली. "थोडं सोस ग," कुसुमलता म्हणाली. सोडल्यावर धोळी कोपऱ्यात जाऊन बसली आणि मांजरं करतात तेच तिने केलं. सगळं अंग चाटून काढू लागली.

पाक उतरवून कुसुमलता परत आली तेव्हा धोळीच्या तोंडातून लाळ गळत होती. तिने हाक मारली. धोळी उठली, चार पावलं चालली आणि तिचे मागचे पाय वाकडेतिकडे पडले. मग ती एका अंगावर कोसळली आणि थरथरू लागली.

घरात कोणी नाही. स्थानकात निरोप धाडावा, तर सामायिकात बसलेल्या सासूबाई मधेच उठणार नाहीत. कुसुमलताने क्षणभर उंबऱ्याकडे पाहिलं. मग धोळीला उचललं, डोक्यावरची ओढणी ओढून तिच्यात गुंडाळलं आणि मोकळ्या डोक्याने रस्त्यावर आली.

कोपऱ्यावर वना टांगेवाला घोड्याला चारा घालत होता. दलिचंद शेठची सून एकटी, उघड्या डोक्याने येताना पाहून त्याच्या हातातली पेंढी खाली पडली.

"वहिनी, कथा जानं शे?"

"ढोरांचा दवाखाना," कुसुमलता म्हणाली. "पळव. घोडा पळव!"

टांगा भर बाजारातून निघाला. कापडवाला, भांडीवाला, चहाच्या टपरीवरची माणसं, सगळे वळून बघत होते. तिला त्याचं काही भानच नव्हतं. ती बोचक्यात तोंड घालून धोळीशी बोलत होती.

दवाखान्याच्या आवारात बैलांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे उखर्डू नावाचे एक म्हातारे शेतकरी खुरात काटा गेलेला बैल धरून उभे होते. त्यांनी बोचकं पाहिलं, त्यातून डोकावणारा पांढरा कान पाहिला आणि बैल बाजूला ओढला. "मना बैल थांबी, माय. तू पहिले दखाड."

डॉक्टर अभिमन पवार बाहेर आले. बैल, म्हैस, शेळी यांतच त्यांचे दिवस जात. इथं मांजर कोणी आणलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी धोळीवर वाकून वास घेतला.

"लिंबू?"

"साल," कुसुमलता म्हणाली. "साल चोळली. पिसवा... पिसवा जाव्या म्हणून. मी चोळली." आणि तिला रडू फुटलं.

"रडू नका, आधी हिला धुवायचंय," डॉक्टर म्हणाले. "सालीत तेल असतं. आपल्या हाताला ते काही करत नाही, पण मांजराच्या शरीराला ते पचत नाही. कातडीतून आत जातं, आणि ही चाटते म्हणजे पोटातही जातं. अंगावरचं तेल निघालं पाहिजे. निंबा, स्टोव्हवर पाणी ठेव. कोमट हं, कढत नको."

कंपाउंडर निंबा पाणी तापवायला पळाला. एका शेतकऱ्याने मीठ-पाणी पाजून ओकवायचं सुचवलं. डॉक्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. "काही पाजायचं नाही. थरथरतेय, घशातून छातीत जाईल."

बैलाला पाणी पाजायच्या बादलीत धोळीची आंघोळ सुरू झाली. एकाने बादली धरली, एक साबण लावू लागला, उखर्डूबाबांनी मागचे पाय धरले. आंघोळ नको म्हणून धोळीने आजारातही एकाला ओरबाडलं. त्याने हात मागे घेतला, तशी तिची मान पाण्यात झुकली.

"अहो, तोंड वर धरा तिचं! नाकात पाणी जातं!" कुसुमलता कडाडली. "साबण डोळ्यात नको! तुम्ही, पागोटेवाले, नीट धरा!"

पागोटेवाले उखर्डूबाबाच होते. त्यांनी मुकाट्याने नीट धरलं. इतकी सणसणीत मराठी कुसुमलताच्या तोंडून त्याआधी कधीच निघाली नव्हती, आणि निघाली तेव्हा ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

दोनदा साबण लावून, धुऊन, पुसून धोळीला पुन्हा ओढणीत गुंडाळलं. बाहेरून गरम पाण्याची बाटली लावली. डॉक्टर शेजारी स्टूल घेऊन बसले. बैलाच्या खुरातला काटाही त्यांनी तिथंच, धोळीवर एक डोळा ठेवून काढला आणि रांगेतले बाकीचे बैलही तिथूनच तपासले. हळूहळू थरथर कमी झाली. लाळ थांबली. अंधारून यायच्या सुमारास धोळीने डोकं वर केलं, ओल्या अंगाकडे रागाने पाहिलं आणि म्यांव केलं. आवारात उभे असलेले सगळे हसले. ते कधीच घरी जायला मोकळे झाले होते, पण कोणी गेलं नव्हतं.

"आता घरी न्या," डॉक्टर म्हणाले. "ऊबेत ठेवा, रात्रभर लक्ष असू द्या. पुन्हा लाळ आली तर लगेच मला बोलवा."

"आणि फोड चाटली तर?" कुसुमलताने विचारलं. "कधी मोसंबीची फोड?"

"गर जरासा चाटला तर फार काही होणार नाही, पोट बिघडेल. पण द्यायचाच कशाला? साल, पानं, बिया आणि तेल मात्र लांबच ठेवा. लिंबू, मोसंबी, संत्रं, सगळं एकाच कुळातलं. मांजराला तो वास आवडत नाही, हे तिचं शहाणपणच समजा. पिसवांना बारीक दातांची फणी घ्या आणि तिचं अंथरूण रोज उन्हात टाका."

टांगा परत आला तेव्हा सायरबाई दारातच उभ्या होत्या. बाजाराने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. सून उतरली. सासूने तिच्या मोकळ्या डोक्याकडे पाहिलं.

"बींदणी," मारवाडीत सुनेला म्हणतात तसं त्या म्हणाल्या, "पदर कुठं गेला?"

"मांजराच्या अंगावर," कुसुमलताच्या तोंडून निघून गेलं.

सायरबाईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले. त्या हसत होत्या. हसता हसता ओट्यावर बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. सुनेने घाबरत घाबरत लिंबाचं सगळं सांगितलं. सायरबाईंनी धोळीला मांडीवर घेतलं, तिचा वास घेतला आणि म्हणाल्या, "तू चुकलीस खरी. पण पळालीस पण. पळाली नसतीस तर मी काय केलं असतं?"

सकाळी धोळीने अर्धी वाटी दूध पिऊन टाकलं.

जळगावहून परतलेल्या दलिचंद शेठना ही गोष्ट रुचली नाही. आपल्या घराची सून, बाजारातून, अशी! ते जेवताना पुटपुटले. सायरबाईंनी पोळी वाढता वाढता एवढंच म्हटलं, "एका जिवासाठी गेली ती. स्थानकात आपण दुसरं काय ऐकतो?" शेठ खाली मान घालून जेवले.

पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. त्या दिवशी वर्षभरातल्या चुकांबद्दल सगळे एकमेकांची क्षमा मागतात. कुसुमलताने सासऱ्याची, सासूची, नवऱ्याची मागितली. मग सायरबाई म्हणाल्या, "अजून एक राहिली." कुसुमलता तुरीच्या पोत्यापाशी गेली, हात जोडले आणि धोळीला म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम्." धोळीने जांभई दिली. मागे उभे असलेले दलिचंद शेठ खाकरले आणि सुनेकडे वळून, सासऱ्याच्या तोंडी सहसा न येणाऱ्या हळू आवाजात म्हणाले, "बेटा, माझ्याकडूनही." निर्मलकुमार दोघांकडे पाहून नुसता हसत राहिला.

पिसवांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सायरबाई रोज दुपारी बारीक फणीने धोळीचे केस विंचरत आणि फणीत आलेल्या पिसवा परसातल्या भिंतीपलीकडे झटकत. भिंतीपलीकडे वच्छलाबाईंचा गोठा होता. वच्छलाबाई भांडायला आल्या आणि चहा पिऊन गेल्या. त्यानंतर फणी दुसऱ्या बाजूला झटकली जाऊ लागली.

कुसुमलताचं घराबाहेर पडणं त्या दिवशी सुरू झालं ते थांबलं नाही. वना टांगेवाला तिला राम राम करू लागला. बायका आपली आजारी शेळी, कोंबडी घेऊन "वहिनी, संगे चल" म्हणत दारात येऊ लागल्या. दवाखान्यात एकटीने जायची त्यांना लाज वाटायची. ती जायची. वाटेत बोलून बोलून तिची मराठी मोकळी झाली आणि त्यात खानदेशी इतकी मिसळली, की माहेरी गेल्यावर आई म्हणायची, "हे कुठलं बोलतेस ग तू?"

एकाहत्तर साली वच्छलाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. मंगळसूत्र जळगावहून आणायचं होतं आणि घरचे पुरुष कापसात अडकलेले. "मी नेते सगळ्यांना," कुसुमलता म्हणाली. गल्लीतल्या सात-आठ बायका, सायरबाईंसकट, सकाळच्या पॅसेंजरने निघाल्या. सोबत एकही पुरुष नाही. सराफ बाजारात त्यांनी दुकानदाराला पेटीतला एकूण एक नमुना काढायला लावला. मग गुलाबाचं सरबत प्यायल्या, बांगड्या भरल्या, आणि परतीची गाडी डोळ्यांदेखत सुटली.

पुढच्या गाडीला बराच वेळ होता. फलाटावर पथारी पसरून सगळ्या बसल्या. पुऱ्या आणि कैरीचं लोणचं निघालं. कोणीतरी नवरीच्या नावाने गाणं धरलं, आणि सगळ्यांत वरच्या पट्टीत, पदर खांद्यावर टाकून, कुसुमलता गात होती.