नावाडिणीचा नकार

ऑफिसात तिला सगळे काकू म्हणत. पन्नाशी ओलांडलेली ती एकटीच. बाकीची सगळी पोरं तिच्या मुलीच्या वयाची. काम असं, की नातेवाइकांत सांगायची सोय नाही. मोठ्यांसाठीचा एक गेम तयार होत होता. त्यात राण्या, चेटकिणी, अंधारी जंगलं, आणि मधूनमधून शेजघरांचे दरवाजे. त्या गोष्टीत कुठे काय चुकतंय ते शोधायचं, एवढंच हिचं काम. मुलीची एक मैत्रीण तिथेच कामाला होती; तिने एकदा सहज एक तुकडा दाखवला, तेव्हा हिने चहा गार व्हायच्या आत अकरा चुका काढल्या. पुढच्या सोमवारी ती नोकरीला लागली.

नवऱ्याला मात्र सगळं ठाऊक होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी आला की विचारायचा, "आज काय?"

"राणी भिंतीत अडकली होती. कमरेपर्यंत."

"मग?"

"मग काय! तिथूनच हुकूम सोडत होती."

तो हसत हसत अंघोळीला जायचा.

गेममधल्या शेजघरात शिरताना काकूंना लाज वाटत नसे, कारण त्यांचं लक्ष भलतीकडेच. राजपुत्राची शाल आत्ता उतरवली ना, मग पुन्हा खांद्यावर कुठून आली? दुसऱ्या भागात मेलेला सरदार पाचव्यात दिवा कसा लावतो? कोण कोणाला काय म्हणालं, ते सगळं त्या एका वहीत टिपून ठेवत. माणसं बोललेलं विसरतात, ते सोडा. पण गोष्टीने विसरू नये, असं त्यांचं ठाम मत.

त्यांना सगळ्यांत जास्त आवडे ते धुक्याचं तळं. तिथे फारसं काही घडत नसे. नाव हळूहळू सरके, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेनासं होई, आणि नावाडीण पाठमोरी उभी राहून वल्हं मारत असे. काम नसतानाही काकू तिथे रेंगाळत. संध्याकाळी घरी चालत निघाल्या की रस्ताही जरासा डुलतोय असं वाटे. बाजूच्या इमारती मऊ दिसत, हात लावला तर आरपार जाईल अशा.

याच तळ्यात ती चूक सापडली. तिसऱ्या भागात खेळणारा नावाडिणीला विचारतो, आजची रात्र माझ्याकडे राहशील का? ती म्हणते, नाही. पण त्यानंतर नाव तळ्याच्या मधोमध असताना कोणी गेम बंद करून पुन्हा उघडला, तर गेम ते विसरून जाई. मग सातव्या भागात नावाडीण त्याच्या खोलीत येई, हसत, जणू हो म्हणाल्यासारखी.

काकूंनी तक्रार लिहिली. प्रोग्रामरने ती निकालात काढली: हजारात एकाला दिसेल. काकूंनी पुन्हा उघडली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा साहेबांचं बोलावणं आलं.

"काकू, शुक्रवारी गेम बाहेर जायचाय. कशाला उगाच घोळ घालताय?"

"ती नाही म्हणालीय, साहेब."

"अहो, ती चित्र आहे!"

"असू दे. चित्र नाही म्हणालंय."

नोकरी गेली तर गेली, असं मनाशी ठरवूनच त्या आल्या होत्या. कोपऱ्यात गेमचा लेखक इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "चूक माझी आहे. नाही म्हटल्यावर तिचं पुढे काय, हे मी लिहिलंच नव्हतं."

"पुढे काय असणार? ती तिची नाव चालवेल," काकू म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. गेम चार दिवस लांबला. सातव्या भागात आता नावाडीण खेळणाऱ्याला पलीकडे सोडते, दोर बांधते आणि घरी जाते.

त्यानंतरच्या रविवारी नणंद आली. दुपारचा चहा झाला, आणि नवरा रंगात येऊन जुन्या आठवणी काढू लागला. "मुलगी झाली तेव्हा ही छापखान्यात प्रुफं तपासायची. हिनेच सांगितलं, पुरे झाली नोकरी. मी म्हटलं, जशी तुझी मर्जी."

हे काकूंनी आजवर कितीदा ऐकलं होतं, त्याला गणती नाही. दरवेळी त्या कप गोळा करून आत जात. आज उठल्या नाहीत.

"मी नाही म्हणाले होते."

"कशाला?"

"सोडायला. तीनदा. एकदा दवाखान्यात, एकदा सासूबाईंसमोर, आणि एकदा जिन्यात."

नणंदेने बशी खाली ठेवली. नवऱ्याने हसून बघितलं, पण ते हसू काही जमलं नाही.

"मला खरंच आठवत नाही गं," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि काकूंना तेच जास्त लागलं. मग त्याने विचारलं, "जिन्यात काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते, मला ते काम फार आवडतं."

"मग मी?"

"तुम्ही म्हणालात, सावकाश उतर, पायऱ्या ओल्या आहेत."