सांदाचे डोहाळे

प्रोफिरा आमच्या गावची फिरती नर्स. पगार सरकार देतं, शिव्या आम्ही देतो. ही अंगणात शिरली की कोंबड्यासुद्धा लपतात, न जाणो, त्यांचंही बीपी मोजायची. गरोदर बाई दिसली की पहिला प्रश्न, "बाटलीत लघवी आणलीस का?" तोही माझ्या दुकानात, पावाच्या टोपलीशेजारी, भर गर्दीत! मी एकदा म्हटलं, "अगं बाई, आधी नमस्कार तरी करत जा." तर म्हणते, "नमस्कारात साखर दिसत नाही."

गावच्या समजुतींवर तर तिचा भारी दात. गरोदर बाईनं मागितलेलं नाकारलं की नाकारणाऱ्याच्या डोळ्याला रांजणवाडी येते, हे आमच्याकडे पाद्रीसुद्धा मानतो. प्रोफिरा ओरडायची, "रांजणवाडी जंतूंनी होते, गाढवांनो!" कोण ऐकतंय?

नाताळाच्या तोंडावर, इग्नातच्या सणाला, घरोघरी डुक्कर कापतात. मी साफ्ताकडे गाडीतून मिठाची पोती घेऊन गेले होते. प्रोफिरा तिथे आधीच हजर. साफ्ताची सून सांदा आठव्या महिन्यात, नवरा इटलीत विटा रचतोय, आणि ही बर्फात बसून आतडी धुतेय. पाय भोपळ्यासारखे सुजलेले. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे ठिणग्या उडतायत, असं ती हळूच म्हणाली. प्रोफिरानं बीपी मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि साफ्ताकडे वळली.

"हिला आत्ताच्या आत्ता शहरात न्यायला हवं. आई आणि बाळ, दोघंही जातील!"

साफ्ता कोपरापर्यंत रक्तात. "आणि आतडी कोण धुणार? तू? पाय माझेही सुजायचे. चार पोरं याच चुलीपाशी झाली मला."

"त्यातली दोन कुठे आहेत?"

झालं! जिथे फुंकर घालायची तिथे हिनं तिखट टाकलं. साफ्तानं सुरी फाटकाकडे रोखली. "चालती हो!"

प्रोफिरानं फोन लावला, तर अँब्युलन्स बर्फात अडकलेली. माझी गाडी चाकांना साखळ्या बांधून दारात उभी, पण सांदा जागची हलेना. "आईंनी हो म्हटल्याशिवाय कशी येऊ? परत याच घरात नांदायचंय मला."

प्रोफिरानं आम्हा दोघींना गोठ्यामागे ओढलं. "सांदा, ऐक. सासूला म्हणायचं, दवाखान्यासमोरच्या भट्टीतला तो वळलेला पाव, कोव्रिग, खावासा वाटतोय. आणि तिथेच, गरम गरम. घरी आणेपर्यंत पाव दगड होतो म्हणावं."

मी म्हटलं, "का गं, रांजणवाडी जंतूंनी होते ना?"

"तू गप. आज माझी रांजणवाडीवर पूर्ण श्रद्धा आहे."

सांदा सासूपुढे जाऊन उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीनं त्या घरात चिमूटभर मीठही मागितलं नव्हतं. प्रोफिरा फाटकाबाहेरून तोंड हलवून पाव चावायचं सोंग करत होती.

"आई, मला डोहाळे लागलेत."

साफ्ता एकदम विरघळली. "अगंबाई! मग बोलत का नाहीस, पोरी? काय खायचंय? काळीज भाजू?"

सांदानं एकदा फाटकाकडे पाहिलं. कोव्रिग कुठच्या कुठे गेला. "मला जगायचे डोहाळे लागलेत, आई."

डुक्कर कापायला आलेल्या बाप्यानं छातीवर क्रूस काढला. साफ्ता सुनेकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग सुरी टाकून माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय ठोंब्यासारखी? गाडी काढ!" रक्ताळलेल्या हातांनीच गाडीत चढली आणि शहर येईपर्यंत सांदाचं डोकं मांडीवर धरून बसली. प्रोफिरा पुढे, माझ्या शेजारी.

पोट फाडून पोरगी काढली. चिमणीएवढी, पण काय तो आवाज! सांदाही वाचली. डॉक्टरनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी हमसून हमसून रडले, उगाच खोटं कशाला बोलू?

साफ्ता मात्र बाकावर तशीच बसून होती. प्रोफिराला म्हणाली, "माझी ती दोन गेली ना, तेव्हा मलाही असंच डोकं ठणकायचं. मागायचं असतं, हे सुचलंच नाही गं मला."

प्रोफिरा तिच्या शेजारी बसली आणि आपल्या रुमालानं तिच्या हातांवरचं वाळलेलं रक्त पुसायला लागली.