पेज आधी तू पी, मग जास्वंदीला

मी माझ्याच पोरीच्या तोंडात विष घालणार होते.

शेजारचे गोपाळकाका आडवे आले म्हणून राहिलं. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

मला जास्त लिहिता येत नाय. सातवीपर्यंतच शाळा. चुकलं तर समजून घ्या.

आमच्या आणि काकांच्या घराच्या मधे जास्वंदीची वई आहे. वई म्हणजे झाडांचं कुंपण. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिच्यावर पांढरी कीड पडली. कापसासारखी, चिकट. पिठ्या ढेकूण म्हणतात.

आर्वी तेव्हा दहा महिन्यांची. रांगत वईपर्यंत गेली आणि मूठभर पानं तोंडात.

ओठांना सगळं पांढरं.

मी एवढी ओरडले की वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. पोर शिंकली तरी भीती, जास्त झोपली तरी भीती. आमचे हे मुंबईला. फोनवर म्हणायचे, "तू आधी जेव. तुझंच टेन्शन येतं मला."

पडवीत आंब्याच्या फवारणीचं उरलेलं औषध होतं. म्हटलं, आंब्याला चालतं तर जास्वंदीला का नाय. पोरीला चटईवर बसवलं, पंप पाठीला लावला.

पलीकडून आवाज आला.

"काय करतंस गो?"

"कीड मारते, काका."

"आणि ही चटईवर बसलीय ती कोण? ती पण मारायचीय?"

मला रडूच आलं.

काकांनी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बागेत फवारणी केली होती. तोंडाला टॉवेल बांधून. चार पावलं चालले की खोकायचे. ते वईतून वाकून आत आले आणि पंप काढून घेतला.

"आंब्याला मारल्यावर लगेच कोण फळ तोंडात घालतो काय? हितं तुझी पोर उद्या सकाळी परत पान चावणार. आणि ह्या फुलांतला मध प्यायला पाखरं येतात, त्यांना काय सांगशील, आज उपास धरा?"

मग म्हणाले, "घरात पेज आहे?"

पेज आमच्याकडे रोजचीच. आणली.

"अर्धी तू पी."

"काका, मला भूक नाय."

"मी विचारलं काय भूक आहे का? आधी तू पी, मग जास्वंदीला."

प्यायले. दोन दिवसांनी पोटात काहीतरी गेलं होतं.

उरलेली पेज गाळून, पाणी घालून फडक्याने पानांवर लावली. वाळली की पापडी होते आणि कीड तिच्यासकट गळते. फार भरलेल्या फांद्या छाटून न्हाणीच्या चुलीत घातल्या. बाकीच्यांवर रोज सकाळी पाइपाने जोरात पाणी.

रोज पेज. अर्धी मला, अर्धी वईला. महिन्याभरात दोघी सुधारलो.

एक दिवस मी खराट्याच्या हिराच्या काडीने मोठे मोठे पांढरे किडे चिरडत होते. फार खूश होते. काकांनी कपाळाला हात लावला.

"अगो, आपलीच माणसं मारतंस तू."

"पांढरे आहेत ना, काका. ढेकूणच ते."

"हा बघ कसा धावतो. ढेकूण असा धावत नाय. ही पिल्लं ढेकूण खातात. मोठी झाली की ढालीसारख्या गोल पाठीचे ढालकिडे होतात."

"दोघं सारखेच दिसतात पण."

"दिसण्यावर जाऊ नको गो. माझं लग्न तसंच झालं."

आतून काकी ओरडल्या, "ऐकू येतं हो मला."

मी पोट धरून हसले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

नंतर वर्षभर आमचं तेच चाललं. सकाळी ते पलीकडून, मी अलीकडून पानं उलटी करून बघायचो. वईत सरडा दिसला की मला हाक मारून दाखवायचे. मी आधी पळायचे, मग बघायचे, मग मीच त्यांना दाखवायला लागले.

काकांचा फोटो शोधला. एकच आहे माझ्याकडे. त्यात त्यांची पाठ दिसते, तोंड जास्वंदीत आहे.

मागच्या वर्षी ह्याच दिवशी सकाळी चहा घेऊन पायरीवर बसले, ते उठलेच नाय.

आज काकींनी वर्षश्राद्धाला फुलं मागितली. मी उठायच्या आत आर्वी निघाली. अनवाणी. पूर्ण वईत शिरली, नुसती फांदी हलताना दिसत होती.

मी दारात उभी. ओरडायला तोंड उघडलं होतं.

हाक नाय मारली.

ती आली ओंजळ भरून. कोपरापर्यंत मुंग्या आणि थोडी पांढरी कीड. मी नळावर तिचे हात धुतले आणि तिला काकींकडे पाठवलं.

काका, पोर बरी आहे. मीपण बरी आहे.

तुम्हाला मनापासून नमस्कार.