समोरच्या घरातली बिनचेहऱ्याची बाई

दुबईतल्या आमच्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर आणि त्यातल्या एका दारात मी. मग किस्से साठायला कितीसा वेळ लागतो? त्यातून समोरच्या शबानाने, रत्नागिरीची मुलगी ती, हॉलमध्ये एक चित्र लावलं.

कुठल्याशा जुन्या फ्रेंच चित्राची छापील प्रत. गवताची टेकडी, वर पांढऱ्या कपड्यातली बाई, हातात छत्री. मी अगदी जवळ जाऊन बघितलं. नुसते रंगाचे फटकारे.

"अगं, हिला नाक-डोळेच नाहीत. रंगवायचे राहिले वाटतं."

"काकू, मागे या. अजून मागे."

सरकत सरकत मी लिफ्टपाशी पोचले. आणि काय सांगू, गवत हललं, बाईची ओढणी उडाली. लिफ्ट येऊन गेली, मी तिथेच.

*

आमचे हे साइटवर फोरमन. सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत. चित्र बघून म्हणाले, "सावली निळी काढलीय."

"सापडली का चूक?"

"चूक कसली? दुपारी सिमेंटवर अशीच पडते. मला वाटायचं, माझेच डोळे बिघडले."

*

शबानाची झोया सातवीत. तिला विचारलं, चेहरा का नाही गं काढला?

"आंटी, इट्स सो विंडी देअर. हू लुक्स अॅट फेसेस?"

मी नकळत केस सारखे केले.

*

मग शबानाच्या सासूबाई यायच्या ठरल्या. त्यांचे यजमान जन्मभर इकडे नोकरीला, त्या जन्मभर रत्नागिरीत, दुबईला पहिल्यांदाच. शबानाचं तोंड उतरलं. नमाजाच्या खोलीत त्यांच्यात माणसाचं चित्र चालत नाही, आणि नमाजाला जागा हॉलमध्येच. नवरा म्हणाला, "खलास. देऊन टाक कोणाला तरी."

"काकू, या टॉवरच्या खिडक्या उघडत नाहीत," शबाना म्हणाली. "घरात वारा काय तो तेवढाच."

म्हटलं, "देऊ नकोस. नमाजापुरतं माझ्याकडे ठेव, मग घेऊन जा."

*

सासूबाई, म्हणजे अम्मी, आल्या. त्यांनाही ते पटलं. तेव्हापासून अजान झाली की बाई छत्रीसकट आमच्या सोफ्यावर.

परवा नमाज आटोपून अम्मी स्वतःच चित्र न्यायला आल्या. मी चहा केला. चहा झाला, कप विसळून झाले, तरी अम्मी चित्रासमोर बसलेल्याच. शेवटी शबाना दारात आली.

"अम्मी, चला ना. जेवण गार होतंय."

"येते गं," अम्मी चित्रावरची नजर न काढता म्हणाल्या. "बाई एकटीच उभी आहे. हिला न्यायला कोणी आलं की निघू."