तेलाचा हात

मला भीती वाटते हे मी कुणाला सांगत नाही. शाळेत खेळाच्या तासाला शंभरभर मुली माझ्या एका शिट्टीवर रांगेत उभ्या राहतात, तिथं भित्री बाई परवडत नाही. पण त्या सकाळी सांगलीच्या मैदानावर मुलींची एकेक स्टिक मी तीन-तीनदा तपासत होते, आणि सामन्याला अजून पाऊण तास होता.

लॅक्रॉस म्हणजे काय, हे आमच्या वडूजमध्ये अजून निम्म्या लोकांना ठाऊक नाही. लांब दांड्याची स्टिक, तिच्या टोकाला जाळी. त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं आणि गोलात मारायचा. चेंडू रबराचा, पण लागला की दगड. म्हणून आम्हा पंचांना आधीच बरंच काम असतं. मैदान पायाखालून घालायचं, खडे-काचा वेचायच्या, गोलाची जाळी ओढून बघायची. मग एकेकीची स्टिक हातात घ्यायची. उलटी केली की चेंडू सहज बाहेर पडला पाहिजे, दांड्याच्या टोकाला रबरी टोपण हवं, मुलीच्या डोळ्यांवर गॉगल हवा.

हे सगळं मला साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी शिकवलं. पंच म्हणून ते माझे गुरू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ह्यो खेळ आपला न्हाई, बाई. तिकडं अमेरिका-कॅनडातल्या मूळ लोकांचा हाय. देवानं दिला म्हणत्यात. कोण आजारी असलं तर त्याला बरं वाटावं म्हणूनबी खेळत्यात. आपण पाव्हणे. पाव्हण्यानं नीट वागायचं." म्हणून आमच्याकडे प्रत्येक सामन्याआधी सगळे रिंगण करून उभे राहतात. खेळ कुणाचा ते सुभेदार दोन वाक्यांत सांगतात, मग मिनिटभर शांतता. पिसं लावून नाचायचं नाही, त्यांच्या प्रार्थनेची नक्कल करायची नाही, हा त्यांचा दंडक.

मला हे फार भावलं, आणि नको तिथं डोकं चालवलं. मान द्यायचाच तर आपल्या पद्धतीनं का नको? खंडेनवमीला घरात अवजारं पुजतात तशा स्टिक पुजू. चार महिन्यांपूर्वी आष्ट्याच्या सराव सामन्यात, तपासणी उरकल्यावर, मी स्वतः प्रत्येक दांड्यावर तेलाचा हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं. फोटो झकास आले. पाचव्याच मिनिटाला एकीच्या हातातून दांडा सुटला आणि समोरच्या मुलीच्या हनुवटीवर बसला. दोघी आष्ट्याच्या एकाच शाळेच्या, एकाच बाकावर बसणाऱ्या. सात टाके पडले. ते रक्त बघून मला शिट्टीसुद्धा वाजवायचं सुचलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर सुभेदार एवढंच म्हणाले, "मान आधी, तपासणी शेवटी. एकदा तपासलं की कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई. देवाचाबी न्हाई."

अहवालात मी लिहिलं, खेळाडूच्या हातून स्टिक निसटली. खोटं नव्हतं ते. तेलाचा शब्द तेवढा गाळला. आणि टाके पडलेली तीच मुलगी आज माझ्यासमोर खेळणार होती.

शेवटची स्टिक तपासून झाली आणि फाटकातून आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आले. मागं दोन माणसं, एकाच्या हातात पूजेचं ताट. ताटात तेलाची वाटी होती.

"म्याडम, तुमीच पाडलेली पद्धत!" ताट आपल्या हातात घेत ते खुशीत म्हणाले. "आष्ट्याचे फोटो बघितले, लय भारी. आज आमच्या हातानं होऊ द्या."

या माणसाच्या एका सहीनं माझी म्हसवडच्या शाखेत बदली होऊ शकत होती. मी सुभेदारांकडे पाहिलं. ते नाणेफेकीचं नाणं न्याहाळत राहिले. मुख्य पंच मी होते.

"साहेब, तपासणी झालीय. आता हात लावता येणार नाही."

"आवं, तेलाचं बोट तेवढं."

"नको." दोन्ही संघ, पालक, सगळे बघत होते. आता गप्प बसले तर पुन्हा कुणाचं तरी रक्त सांडेल, याची मला इतकी भीती वाटली की बाकीच्या भीतीला जागाच उरली नाही. "आष्ट्यात एका मुलीला सात टाके पडले ते तेलामुळं. दांड्याला तेल मी लावलं होतं. तपासणी झाल्यावर."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी ताट माणसाच्या हातात परत दिलं आणि मांडवात जाऊन बसले. मला वाटलं, सुटले. चार महिन्यांचं ओझं एका दमात उतरलं.

तेवढ्यात हनुवटीवर टाक्यांचा व्रण असलेली ती मुलगी रांगेतून पुढं आली. गॉगल कपाळावर चढवला होता. ती आता चिडेल, रडेल, आईला हाक मारेल, असं धरून मी उभी राहिले.

"म्हंजे बाई, माझ्या मैत्रिणीची चूक नव्हती?"

"नाही गं. तिची काहीच चूक नव्हती."

तिनं कपाळावरचा गॉगल काढून हातात घेतला.

"आमी कुणीच तिच्याशी बोलत न्हाई," ती म्हणाली. "मीबी न्हाई. तिनं शाळा सोडली, बाई."

सुभेदारांनी नाणं माझ्या हातात दिलं. दोन्ही कप्तान येऊन उभ्या राहिल्या होत्या.