निकाल न विचारणाऱ्या बाई

आमच्या आष्ट्याच्या वाचनालयातल्या बाईंनी कधी कुणाला निकाल विचारला नाही. त्या ग्रंथपाल. मागच्या खोलीत अभ्यासिका होती, तिथे आम्ही वीसेक पोरंपोरी स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसायचो. निकाल लागला की गिरणीत, स्टँडवर, हळदीकुंकवाला सगळीकडे एकच प्रश्न असायचा, ‘काय झालं?’ अभ्यासिकेत मात्र तो विचारायचा नाही, हा बाईंचा नियम. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

एकदा वाचनालयाचे अध्यक्ष पास झालेल्या मुलाला हार घालायला आले. हार घालून झाल्यावर शेजारच्याकडे वळले. ‘आन् तुजं काय झालं रं?’ बाई जागेवरूनच म्हणाल्या, ‘आवं दादा, पाटी वाचा की. शांतता राखा म्हणलंय.’ अध्यक्ष पाटी वाचून निघून गेले.

दुसऱ्यांदा माझं नाव यादीत नव्हतं, तेव्हा घरी आत्या येऊन बसली होती. ‘आता तरी स्थळं बघू दे म्हणावं हिला.’ मी चप्पल घातली आणि थेट अभ्यासिका गाठली. गावात दुसरीकडे जाऊन बसावं अशी जागाच नव्हती, निदान मुलीला तरी नव्हती. बऱ्याच वेळाने बाईंनी माझ्यासमोर एक जाडजूड प्रवासवर्णन आणून ठेवलं. ‘परीक्षेला येत न्हाई हे. म्हणून वाच.’ मी ते शेवटपर्यंत वाचलं. नंतर नवं वेळापत्रक आखलं, विषय वाटून घेतले आणि कामाला लागले. आज सांगलीत सरकारी नोकरीत आहे.

नियमाला दुसरी बाजूही होती. पोलीस भरतीत मागे पडलेला एक मुलगा टेबलाशी येऊन म्हणाला, ‘बाई, पळण्यात गेलं माजं.’ ‘मी इचारलं का? बस की मग गड्या.’ तो बसला. पण बराच वेळ बाईंकडेच बघत होता. त्याला सांगायचं होतं बहुतेक.

बाई निवृत्त झाल्या. मागच्या वर्षी त्यांचे यजमान गेल्याचं कळलं. लेक पुण्याला असते. भेटायला जायचं हे माझ्या कामांच्या यादीत तेव्हापासून होतं. दिवाळीत आष्ट्याला गेले, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘त्या वाचनालयात असत्यात की दिवसभर.’

अभ्यासिकेत शेवटच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या. पुढ्यात वर्तमानपत्र, न उलगडलेलं. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी. भोवती नवी मुलं माना खाली घालून वाचत होती. दाराशी बसलेल्या मुलीला मी हळूच विचारलं, ‘या बोलतात का कुणाशी?’

‘न्हाई. आमी बी काय इचारत न्हाई. हिथला नियमच हाय तसा.’

नियम तसाच चालू होता. मी जाऊन बाईंसमोर उभी राहिले. एवढी वर्षं त्या खोलीत जे विचारायचं नव्हतं, तेच विचारलं.

‘बाई, काय झालं?’

दोन-चार माना वर झाल्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

‘नियम मोडलास गं,’ म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.